‘मामा’ म्हणजे आई : परदेशातलं मूल कोकणातल्या घरी आणताना

पहिल्याच सकाळी पडवीतून हाक आली, ‘‘मामा! मामा!’’ सासूबाई चुलीपुढून उठून बाहेर डोकावल्या. त्यांना वाटलं, माझा भाऊ कणकवलीहून न कळवता आला. बाहेर पाहुणा कुणीच नव्हता. आमचा चार वर्षांचा लेक पायरीवर उभा राहून मला बोलावत होता. स्वाहिलीत ‘मामा’ म्हणजे आई. ‘बाबा’ मात्र बाबाच. ‘काका’ म्हणजे भाऊ, आणि ‘दादा’ म्हणजे चक्क बहीण. दुपारपर्यंत त्याने माझ्या पुतणीचा दादा करून टाकला होता आणि पुतण्याचा काका. सहावीतला पुतण्या एकाएकी काका झाल्यामुळे दिवसभर मिशी फुटल्यासारखा हिंडत होता.

माझा नवरा पूर्व आफ्रिकेत एका बंदरावर नऊ वर्षं हिशेबाच्या नोकरीत होता. तिथेच, तिथल्या कायद्याने आम्ही मूल दत्तक घेतलं आणि नंतर गुहागर तालुक्यातल्या घरी परतलो. तेव्हापासून दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणाकुणाचे फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा क्रमाने लिहून टाकते. मी वकील नाही. नियम बदलत असतात, तेव्हा ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सध्याचा नियम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रम मात्र सोडू नका. या कामात लोक फसतात ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे.

आधी आपली रांग ओळखा

तुम्ही भारतात राहता आणि परदेशातलं मूल हवंय? मग स्पष्टच सांगते, ही वाट फार अरुंद आहे. मुलाला आधी त्याच्याच देशात घर शोधायचं आणि ते नाहीच मिळालं तर परदेशात, असं जगभर मानलं जातं. त्यात एकेक देश दार लावून घेतोय. केनियाने २०१४ मध्ये परदेशी दत्तकाला स्थगिती दिली, इथिओपियाने २०१८ मध्ये बंदीच घातली. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये नात्यातली मुलं वगळता परदेशी दत्तक थांबवलं. तुम्हाला मूल हवं आहे, ते परदेशातलंच असावं असं काही नाही, असं असेल तर ‘कारा’च्या पोर्टलवर देशांतर्गत दत्तकासाठी नाव नोंदवा. तिथेही काही वर्षं सहज जातात, पण ती वाट रुळलेली आहे. ‘‘तिकडचं गोरं मूल मिळेल का हो?’’ असं विचारणारेही असतात. त्यांच्याशी मी फार बोलत नाही.

दुसरी रांग आमच्यासारख्यांची. पासपोर्ट भारतीय, नोकरी बाहेर, आणि मूल तिथेच घ्यायचंय. ही वाट चालते, पण वेळ घेते. काही देशांत आधी मुलाला आपल्या घरी ठेवून, सरकारी देखरेखीखाली सांभाळावं लागतं आणि मगच कोर्टात जाता येतं. युगांडात ही मुदत एक वर्षाची आहे. नोकरीचा करार संपायला सहा महिने उरलेत आणि आता अर्ज करू, असा हिशोब तिथे बसत नाही.

तिसरी रांग नात्यातल्या मुलाची. बहीण-मेहुणे गेले आणि पोर तिकडे उरलं, अशी वेळ कुणावर येऊ नये, पण येते. आखातातल्या बहुतेक देशांत दत्तक हा प्रकारच नाही, तिथे ‘कफाला’ असते. कफाला म्हणजे सांभाळ. त्याने मूल कायद्याने तुमचं होत नाही आणि आंतरराष्ट्रीय दत्तकाच्या करारातही ते बसत नाही. रत्नागिरी-रायगडातल्या मुस्लिम घरांनी हे नीट समजून घ्यावं. भारतात मात्र कुठल्याही धर्माच्या माणसाला बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सांगितलं आहे.

आणखी एक रांग आहे. तुम्ही परदेशात स्थायिक आहात आणि मूल भारतातून हवंय. ती वाट उलट्या दिशेची, राहत्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत सुरू होणारी. या लेखातलं घराच्या तयारीचं तेवढं तिला लागू पडेल.

गावाकडे अजून एक समज पक्का आहे : भटजी बोलवायचे, होम करायचा, दत्तकपत्र नोंदवायचं, झालं. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा आहे आणि त्यात घेणारा, देणारा आणि मूल, तिघंही हिंदू असावी लागतात. परदेशातल्या अनाथालयातल्या मुलाला त्या कागदावर व्हिसा मिळत नाही.

आधी विचारा, मग मूल बघा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सुट्टीत अनाथालयाला भेट द्यायची, एखादं पोर बोट धरून चालायला लागतं, जीव गुंततो आणि मग माणूस कागदांच्या मागे लागतो. आम्हीही त्याच वाटेवर होतो. तिथल्या भारतीय वकिलातीतल्या एका बाईंनी वेळीच थांबवलं. म्हणाल्या, ‘‘आधी मुलाला भारतात कसं न्यायचं ते बघा. मूल कुठलं ते नंतर.’’ तेव्हा राग आला होता.

विचारायचं ते तीन ठिकाणी. एक, त्या देशाच्या दत्तक किंवा बालकल्याण खात्याला : परदेशी माणसाला मूल देता का, किती वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं, सांभाळाची मुदत किती. दोन, ‘कारा’ला. तीन, तिथल्या भारतीय वकिलातीला, कारण शेवटी मुलाच्या परदेशी पासपोर्टवर प्रवेश व्हिसाचा शिक्का तेच मारणार. तिन्हीकडून लेखी उत्तर घ्या. फोनवर ‘हो हो, होतं’ म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी बदलून गेलेला असतो.

तो देश १९९३ च्या हेग दत्तक कराराचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय दत्तकाच्या कराराचा, सदस्य असेल तर दोन्ही देशांची केंद्रीय प्राधिकरणं एकमेकांशी बोलतात. भारताने हा करार जून २००३ मध्ये मान्य केला आणि आपल्याकडचं प्राधिकरण म्हणजे ‘कारा’. तुमचा गृहअभ्यास अहवाल (समाजसेवकाने घरी येऊन लिहिलेला), मुलाचा अहवाल आणि त्याची वैद्यकीय तपासणी पाहून ‘कारा’ करारातल्या कलम ५ आणि १७ प्रमाणे संमती देते. ही संमती हातात पडेपर्यंत मूल आपलं म्हणून कुणाला फोटो पाठवू नका. देश करारात नसेल तर वकिलातीच्या तपासणीचं वजन आणखी वाढतं. लोकांचा एक घोटाळा हमखास होतो : कागदांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, मारण्याचा हेग करार वेगळा, १९६१ चा. दोन्ही ‘हेग’च म्हणतात. एका जोडप्याने अपोस्टिल झालं म्हणून दत्तकालाच मंजुरी मिळाली असं समजून पेढे वाटले होते.

कोर्टाचा हुकूम हातात आला की पहिली ओळ वाचा. ‘पालकत्व’ लिहिलंय की ‘दत्तक’? वकील घाईत पालकत्वाचा हुकूम मिळवून देतो, तो स्वस्त पडतो आणि लवकर मिळतो. पण पालकत्वाने मूल तुमचं होत नाही, आणि व्हिसाच्या खिडकीवर हाच शब्द पाहतात.

‘‘मूल बघून ठेवलंय, एवढे पैसे पाठवा,’’ अशी ईमेल कितीही रडवी असली तरी उत्तर देऊ नका. पैसे भरायचे ते ठरलेले, पावतीचे, संस्थेच्या किंवा कोर्टाच्या खात्यात. कुणा माणसाच्या खात्यात नाही.

कागद

कोकणातल्या माणसाची कसोटी इथे लागते. आपण कागद पत्र्याच्या पेटीत ठेवतो आणि पेटी माळ्यावर. पावसाळ्यात सातबाऱ्याला बुरशी येते, लग्नपत्रिकेला वाळवी.

आमचं लग्न देवळाच्या सभागृहात झालं, तीनशे माणसं जेवली, नोंदणी कुणी केलीच नव्हती. विवाह नोंदणीचा दाखला मागितला तेव्हा कळलं की तो नाहीच. ग्रामपंचायतीत अर्ज, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही. भटजी तोवर देवाघरी गेलेले. लग्नपत्रिका आणि सप्तपदीचा एक फोटो सासूबाईंनी जपून ठेवला होता, प्रतिज्ञापत्र जोडलं आणि निभावलं. नोंदणी झाली नसेल तर दत्तकाचं पुढे काही का होईना, आजच करून घ्या.

मग नावं. नवऱ्याच्या मधल्या नावात पासपोर्टवर ‘ए’ दोन, पॅनवर एक. माझं आडनाव लग्नाआधीचं एक, बँकेत दुसरं, आणि ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर नुसतं ‘सौ.’ लावून नवऱ्याचं नाव, म्हणजे मी कुठेच नाही. परदेशातल्या न्यायाधीशाला यातलं काहीच कळणार नाही, आणि ते कळावं अशी अपेक्षाही ठेवू नये. एक पासपोर्ट खरा माना आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवा. गरज पडली तर राजपत्रात नाव बदलून घ्या. या एका कामाला आम्हाला चार महिने लागले, बाकी सगळ्या कागदांना मिळून दोन.

लागतात ते कागद साधारण असे : दोघांचे जन्मदाखले, विवाह दाखला, पासपोर्ट, राहत्या जागेचा पुरावा, वैद्यकीय दाखला, पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी (तुम्ही जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाची), उत्पन्नाचा पुरावा आणि ओळखीच्या दोघांची पत्रं. आंबा-काजूवर घर चालत असेल तर उत्पन्न दाखवणं अवघड. एक वर्ष मोहोर जळतो, दुसऱ्या वर्षी बरं पिकतं. तहसीलदारांकडचा उत्पन्नाचा दाखला, कलमांच्या विक्रीच्या पावत्या आणि तीन वर्षांचं बँकेचं पुस्तक एकत्र लावा. सामाईक सातबाऱ्यावर सव्वीस नावं असतील तर तो ‘आमची मालमत्ता’ म्हणून जोडू नका. कुणीतरी त्या सव्वीस माणसांबद्दल विचारेल.

भारतीय कागदांवर आधी राज्य शासनाची पडताळणी आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल लागतं. समोरचा देश अपोस्टिल मानत नसेल तर त्यांच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. मराठी कागदांचं भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडूनच करून घ्या. आणि प्रत्येक कागदाच्या दोन साक्षांकित प्रती जास्त काढा. रत्नागिरीला जायचं म्हणजे आमच्याकडून तवसाळ-जयगड फेरीबोट, तिकडून गाडी, आणि ‘साहेब आज नाहीत’. एका प्रतीसाठी दुसऱ्यांदा जाणं परवडत नाही.

गृहअभ्यास

समाजसेवक तुमच्या घरी येऊन, बसून, बोलून अहवाल लिहितात. परदेशात राहत असाल तर तिथले येतात, भारतात असाल तर दत्तक संस्थेचे किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाचे. लोक आदल्या दिवशी घर रंगवतात. तसं करायची गरज नसते. आमच्याकडे आलेल्या बाईंनी स्वयंपाकघर पाहिलं, संडास पाहिला, पण जास्त वेळ प्रश्नांत गेला. नवऱ्याला विचारलं, राग आला की काय करता? मला विचारलं, तुमचं स्वतःचं मूल झालं नाही याचं दुःख अजून आहे का? मी ‘नाही’ म्हणाले आणि रडले. त्यांनी तेही लिहिलं, पण अहवाल आमच्या बाजूने दिला.

खोटं बोलू नका एवढंच. पूर्वीचं आजारपण, कर्ज, घटस्फोट, दारू सोडलेली असणं, हे सगळं कुठल्या ना कुठल्या कागदावर असतंच. सासू-सासऱ्यांशीही बोलतात. गावातलं घर असेल तर त्यांना आधी विश्वासात घ्या, कारण भारतात परत आल्यावर मूल त्यांच्याच अंगणात खेळणार. आमच्या सासऱ्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘जात काय लावणार?’’ दुसरा होता, ‘‘झोपणार कुठे?’’ दुसऱ्याचं उत्तर आम्ही दिलं, पहिल्याचा त्यांनी पुढे विषय काढला नाही.

मुलाची माहिती आणि तब्येत

संस्थेकडून मुलाचा अहवाल येतो. त्यात काय लिहिलंय याइतकंच काय लिहिलेलं नाही तेही बघा. किती घरं बदलली? आई-वडील हयात आहेत का, आणि असतील तर त्यांची संमती कुणासमोर, कुठल्या भाषेत घेतली? भावंडं आहेत का? झोपताना काय लागतं? शेवटचा प्रश्न कागदात नसतो, तो सांभाळणाऱ्या बाईंना विचारायचा. आम्हाला कळलं, त्याला पिवळं फडकं लागतं. ते फडकं संस्थेने देऊन टाकलं. आजही ते धुवायला आधी त्याची परवानगी काढावी लागते.

वैद्यकीय बाजूने लसींचं कार्ड मागा, आणि एचआयव्ही, कावीळ-बी, क्षय, जंत यांची तपासणी करून घ्या. आफ्रिकेतलं मूल असेल तर सिकल सेल जरूर तपासा. रिपोर्टात काही निघालं म्हणून मूल नाकारावं असं मी म्हणत नाही. औषध कुठे मिळेल, चिपळूणला की मुंबईला, ते आधीच माहीत असावं. भारतात आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात मूल कुठून आलंय ते सांगा. आपल्याकडे पावसात ताप आला की लेप्टो, डेंग्यू डोक्यात येतो. तिथून घेऊन आलेला मलेरिया मागे राहून जातो.

व्हिसा, विमान आणि नागरिकत्व

दत्तकाचा हुकूम, मुलाचा नवा जन्मदाखला, त्याच्या देशाचा पासपोर्ट आणि मग भारताचा प्रवेश व्हिसा, असा क्रम आहे. मुलाच्या प्रवेशासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाचीही मंजुरी लागते. व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि काढलंत तर तारीख बदलता येणारं काढा. आमचं पहिलं तिकीट वाया गेलं.

पिवळ्या तापाच्या देशातून येत असाल किंवा त्या मार्गे विमान असेल तर लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी आणि त्या लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत हवं. ते नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. इतकी धडपड करून आणलेलं पोर मुंबईत पोहोचून घराबाहेरच राहिलं तर जीव जातो.

मूल आलं म्हणजे भारतीय झालं, असं नाही. भारतीय आईबापांनी दत्तक घेतल्याने नागरिकत्व आपोआप मिळत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर होतो, चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होते. तोवर मूल परदेशी नागरिक. व्हिसावर नोंदणीची अट असेल तर जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात नोंद करा, आणि व्हिसा संपायच्या किमान दोन महिने आधी मुदतवाढीच्या मागे लागा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, एकादशीच्या खुणेशेजारी, लाल पेनाने ती तारीख लिहून ठेवा.

आधार कार्ड परदेशी नागरिकालाही मिळतं, पण १८२ दिवस इथे राहिल्यावर. शाळेला ते नसलं तरी चालतं. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. मुख्याध्यापकांना सौम्य शब्दांत सांगा. बहुतेकांना माहीत असतं, क्लार्कला नसतं.

घराची तयारी

मूल येण्याआधी त्याचे शब्द तुम्ही शिका, त्याने तुमचे शिकायची वाट बघू नका. तीस शब्द पुरतात. आम्ही भारतात यायच्या महिनाभर आधी सासूबाईंना फोनवर पाठ करून घेतले : माजी म्हणजे पाणी, चो म्हणजे संडास, इनाउमा म्हणजे दुखतंय, सिताकी म्हणजे नको, न्योका म्हणजे साप. सासूबाईंनी ते देवघराच्या दारावर खडूने लिहून ठेवले. ‘सिताकी’ सगळ्यात जास्त कामाला आला. आपल्याकडे पाहुणचारात ‘नको’ ऐकून घ्यायची पद्धत नाही, घास भरवतच राहतात. या मुलांच्या आयुष्यात त्यांना न विचारता बरंच काही झालेलं असतं. त्यांचं ‘नको’ घरातल्या मोठ्यांना समजणं फार गरजेचं.

आणि काही शब्द आधीच दोघांचे असतात. हिंदी महासागरात होड्या इतकी शतकं ये-जा करत होत्या, त्याचा फायदा आम्हाला झाला. चपाती तिथेही चपाती, चहा म्हणजे चाय, गाडी म्हणजे गारी, दुकान म्हणजे दुका, कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबरी आणि आंब्याला एंबे. पहिल्यांदा कलमाखाली उभा राहून तो ‘‘एंबे!’’ म्हणाला तेव्हा गडी माणूससुद्धा न सांगता समजला.

जेवणात त्याच्या सवयीचं एक तरी रोज असू द्या. तिथे मक्याच्या पिठाची घट्ट उगाली खातात. मुंबईहून मक्याचं पीठ मागवलं, ते पिवळं निघालं, त्याने तोंड फिरवलं. मग सासूबाईंनी तांदळाच्या पिठाची उकड केली, ताक-मिरची न घालता, नुसतं मीठ, आणि नेहमीपेक्षा घट्ट. त्याने बोटांनी गोळा केला, अंगठ्याने खळगा पाडला आणि माशाच्या कालवणात बुडवला. नारळाच्या रसातला मासा त्याला ओळखीचाच होता. तारलीचे काटे मात्र नव्हते. पहिले सहा महिने सुरमई-हलव्याचे तुकडे, नाहीतर काटे काढून.

विहिरीला कठडा बांधा. जुन्या विहिरींना नसतो आणि घरच्या पोरांना सवय असते, नव्याला नसते. पाखाडीच्या कडेला गडगा पडला असेल तर रचून घ्या. जांभ्याच्या फटीत, लाकडात, चपलेत विंचू असतो. बूट झटकायला शिकवा, आणि जवळच्या कुठल्या दवाखान्यात विंचूदंशावरचं प्राझोसिन हे औषध आहे ते विचारून ठेवा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हा उपचार रूढ केल्यापासून या दंशाने जाणारी पोरं कितीतरी वाचली आहेत. समुद्र मात्र समुद्रकाठच्या मुलालाही नवा असतो. आपल्याकडचा जून ते नारळी पौर्णिमेपर्यंतचा समुद्र त्याने पाहिलेला नसतो.

पहिले महिने

आमची सगळ्यात मोठी चूक सांगते. आम्ही गणपतीच्या आधी दोन आठवडे घरी आलो. म्हटलं, सगळे भेटतील, किती छान. घरात चाळीस माणसं, झांजा, आरत्या, फटाके, प्रत्येकजण गाल ओढतोय, कडेवर घेतोय. तिसऱ्या दिवशी तो लाकडं ठेवायच्या मांगरात जाऊन लपला आणि दीड तास सापडला नाही. सापडला तेव्हा पिवळं फडकं तोंडात. मी तिथेच शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसले. आरती संपेपर्यंत दोघंही बाहेर आलो नाही.

म्हणून दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत आणा. पहिले काही आठवडे जेवू घालणं, आंघोळ, झोपवणं फक्त आई-बाबांनी करायचं. आजीला वाईट वाटतं, वाटू द्या. मुलाला आधी कळायला हवं की भूक लागली की यांच्याकडे जायचं. मग आजीची मांडी आहेच. पाहुणे एका वेळी एक घर, आणि पाऊण तास.

रंगावरून बोलणारे असतात. आफ्रिकेतून आलेल्या मुरूड-जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास आपल्याच किनाऱ्यावरचा, तरी लोक ‘कुठून उचललं’ विचारतात, तेही त्याच्यासमोर. आम्ही एकच वाक्य ठरवलं : ‘‘आमचा मुलगा आहे, आफ्रिकेत जन्मला.’’ घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचं, सासऱ्यांपासून पुतण्यापर्यंत. वेगवेगळी उत्तरं दिली की गाव गोष्ट रचतं. आणि दत्तक असल्याचं मुलापासून लपवू नका. आमच्याकडे तर लपण्यासारखं काही नव्हतंच, पण रंग जुळला तरी लपवू नका. शेजारची म्हातारी कधीतरी सांगणारच.

नाव? त्याचं नाव आम्ही बदललं नाही, त्याच्यापुढे बाबांचं नाव आणि आडनाव लावलं. शाळेत बाईंना म्हणायला आठवडा लागला.

मराठी त्याला तीन महिन्यांत आली, इथली, हेल काढून बोलायची. स्वाहिली त्याच वेगाने जाऊ लागली. ती टिकवायची असेल तर आधीच ठरवा. आम्ही रात्री झोपताना तिथली दोन गाणी आणि रविवारी तिथल्या सांभाळणाऱ्या बाईंशी व्हिडिओ कॉल असं ठेवलंय. रेंज नसेल तर पाण्याच्या टाकीजवळ जावं लागतं.

जमीन आणि अहवाल

भाऊबंदकीचं आधीच पाहून घ्या. परदेशी कोर्टाच्या हुकुमावरून सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे गेलात की तो तुमच्याकडे बघतच राहील. ज्या वाट्यावर तुमचा निर्विवाद हक्क आहे त्याचं नोंदणीकृत मृत्युपत्र करून ठेवा, मुलाचं पूर्ण नाव आणि दत्तक हुकुमाचा क्रमांक घालून. चिपळूणच्या किंवा तालुक्याच्या दिवाणी वकिलाला हुकुमाची प्रत दाखवून पुढचा सल्ला घ्या. चुलत दिरांना हे आधी सांगितलं तर दोन महिने बोलत नाहीत, नंतर कळलं तर दहा वर्षं. आम्ही आधी सांगितलं.

राहिले ते देखरेखीचे अहवाल. मूल देणारा देश पुढे काही वर्षं ते मागतो : वजन, उंची, शाळा, तब्येत, फोटो. वेळेवर पाठवा. तुमच्यामागून येणाऱ्या भारतीय जोडप्यांवर तिथलं खातं किती विश्वास टाकेल, हे त्यावरही ठरतं. आमच्या पहिल्या अहवालात ‘कुटुंबातील सदस्यांशी संबंध’ असा रकाना होता. नवऱ्याने चार ओळी लिहिल्या आणि फोटो लावला : तो, पुतणी, पुतण्या, कलमाखाली. फोटोखाली नावं लिहायची होती. लेकाने स्वतः सांगितली, डावीकडून – मी, दादा, काका. पुतणी म्हणाली, बाबाकाका, दुरुस्त करा ना. आम्ही तसंच पाठवलं. तिकडच्यांना बरोबर कळणार होतं.